'आपला सण लिही' : शाळा व्यवस्थापन समित्यांच्या सदस्यांना खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि समितीतल्या माझ्या भावा-बहिणींनो,

स. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याच्या पट्ट्यात ३१ वर्षं शिकवलं. हे पत्र मुळात एकाच गावच्या समितीला लिहायला घेतलं होतं. त्या गावाचं नाव घेणार नाही. तिथं घडलं ते थोड्याफार फरकानं तुमच्याही गावात घडलं असणार, आणि नाव घेतलं की बाकीचे 'आपलं नव्हं ते' म्हणून मोकळे होतात.

तर झालं असं. ओळखीच्या घरची एक लेक पाचवीत आहे. वर्गात निबंध आला, 'माझा आवडता सण'. पोरीनं मोहरम लिहिला. घर हिंदू, देवघरात खंडोबाचा टाक, दारात तुळस. पण गावातली एक सवारी, म्हणजे मोहरमातला पंजा, उचलायचा मान त्यांच्या घराकडं, पणजोबाच्या आधीपासून. तिचा धाकटा भाऊ तान्हा असताना दोनदा मरता मरता वाचला, तेव्हा आजीनं त्याला पिराचा फकीर करायचा नवस बोलला होता. त्याच्या गळ्यात नाडा कसा बांधला, घरोघर कसं मागितलं, गुळाचे चोंगे कसे झाले, अलाव्याची, म्हणजे मोहरमच्या आगीच्या खड्ड्याची, धग तोंडाला कशी लागते, बाबा सवारी घेऊन नाचताना ओळखू कसे येत नाहीत, हे सगळं तिनं दीड पान लिहिलं. खाली लाल शाईत शेरा आला : 'आपला सण लिही.'

दुसऱ्या दिवशी तिनं गाईडातून दिवाळी उतरवली. अभ्यंगस्नान, फराळाची ताटं, अंगणातला मातीचा किल्ला. तिच्या गावात किल्ला कुणी करत नाही. दहापैकी नऊ मिळाले.

शेरा मारणाऱ्या मॅडमवर मी रागवायला गेले आणि मला माझीच लाल शाई आठवली. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका पोरानं 'येळवस' लिहिलं होतं. मी ते खोडून वर 'वेळ अमावास्या' लिहिलं आणि त्याला सांगितलं, "असा शब्द नसतो." शब्द नसतो! मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला त्याचं अख्खं गाव ओस पडतं. डोक्यावर आंबिलीचं बिंदगं घेऊन बाया शिवाराकडं निघतात, कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव मांडतात, भज्जी-उंडे-खीर होते, 'ओलगे ओलगे' करत पिकांवर आंबील शिंपली जाते. कलेक्टर त्या दिवशी जिल्ह्याला सुट्टी देतो. आणि मी, अध्यापक विद्यालयातून ताजी निघालेली, त्या पोराला सांगत होते की असा शब्द नसतो. कानडीत एळु म्हणजे सात आणि एळ्ळु म्हणजे तीळ. येळवस यातल्या कशावरून आली यावर पारावर दोन्ही बाजूंनी भांडणारे म्हातारे मला नंतर भेटले. मी खोडलेला शब्द असा सीमेपलीकडच्या भाषेशी सोयरीक सांगणारा होता. त्या पोरानं पुढं माझ्या वर्गात घरचं काही लिहिलं नाही.

आता बैठकीकडं येते. पोरीच्या बापानं विषय समितीपुढं नेला आणि तिथं दोन तट पडले. एक तट म्हणाला, लेकरांना आपला धर्म कळंना झालाय, दर शनिवारी बाहेरून महाराज बोलवा, संस्कार वर्ग सुरू करा. दुसरा म्हणाला, शाळेत देवाधर्माचं नावच काढायचं नाही, ही सरकारी जागा आहे. दोघांनीही संविधानाचा दाखला दिला. मी कोपऱ्यात निमंत्रित म्हणून बसले होते, चहा पिऊन आले, बोलले काहीच नाही. ते न बोललेलं इथं लिहिते आहे.

दाखला अर्धा अर्धा दोघांचाही बरोबर होता. अनुच्छेद २८ म्हणतो, पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. म्हणजे महाराजांचा वर्ग गेला. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्माविषयी शिकणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली केलेला आहे. म्हणजे 'नावच काढायचं नाही' हेही गेलं. आणि १९७६ साली घातलेल्या मूलभूत कर्तव्यांत, अनुच्छेद ५१ क मध्ये, एकाच यादीत दोन गोष्टी बसवल्यात : आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपायचा, आणि विज्ञाननिष्ठा, मानवतावाद, जिज्ञासा नि सुधारणेची वृत्ती वाढवायची. जपायचंही आणि सुधारायचंही. हे एकाच लेकराकडून कसं करून घ्यायचं ते तिथं लिहिलेलं नाही. ते काम गुरुजींचं आणि तुमचं.

मला वाट दिसली ती मानवशास्त्रात. नाव मोठं आहे, काम साधं. लोकांत जाऊन राहायचं, ते देतील ते खायचं, त्यांची बोली शिकायची, आणि ते काय करतात ते आधी नीट पाहून लिहून घ्यायचं. बरं-वाईट नंतर. मालिनोव्स्की नावाचा पोलंडचा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर तंबू ठोकून राहिला आणि तेव्हापासून ही रीत पक्की झाली. आपल्याकडं तंबूचीही गरज नाही, लेकरं त्याच गावात राहतात.

इरावती कर्वे तुम्हाला महाभारतावरच्या लिखाणामुळं ठाऊक असतील. मला त्यांची आधीची गोष्ट जास्त आवडते. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला ऑयगेन फिशर या प्राध्यापकाकडं संशोधनाला गेल्या. माणसाच्या कवटीच्या दोन बाजू अगदी सारख्या नसतात, आणि युरोपियनांच्या कवटीतला हा फरक म्हणजे त्यांच्या बुद्धीची खूण, असं या प्राध्यापकाला सिद्ध व्हायला हवं होतं. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. तसं काही निघालं नाही. परका देश, वय पंचविशीच्या आत, पदवी त्याच गुरूच्या हाती. तरी निघालं ते त्यांनी लिहिलं. पुढं याच फिशरच्या विचारांचा आधार नाझींच्या वंशकायद्यांना मिळाला.

त्याच बाई नंतर पंढरीच्या वारीत पायी चालल्या. वारीवर त्यांचा जीव जडला, ते त्यांनी मोकळेपणानं लिहिलं. पण एकाच दिंडीत ब्राह्मणांचा आणि मराठ्यांचा स्वयंपाक वेगळा होतो, दिवसभर एका गळ्यानं अभंग म्हणणारी माणसं जेवायला वेगळी बसतात, हेही लिहिलं, आणि त्याचं आपल्याला वाईट वाटत राहिलं हेही. मला त्या शनिवारच्या तासाला हवं आहे ते एवढंच. महाराज येतील ते अभंग सांगतील, चूल सांगणार नाहीत. दुसऱ्या तटाचा व्याख्याता येईल तो चूल सांगेल, अभंग ऐकणार नाही. दहा वर्षांचं लेकरू दोन्ही पाहू शकतं, कारण त्याला अजून कुणाची बाजू घ्यायची नसते.

आणि हे शास्त्र साहेबाचं, म्हणून कुणी नाक मुरडू नये. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या वर्गात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं, हा त्याचा गाभा. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या सगळ्या चालीरीती त्यांनी त्या एका खुंट्याला बांधून दाखवल्या. जातीचं कुंपण शाबूत ठेवायची किंमत बाईकडून कशी वसूल होते ते मांडलं. पुढं १९५० साली त्यांनी औरंगाबादला कॉलेज काढलं, तेच मिलिंद. निजामाच्या राज्यातून दोनच वर्षांपूर्वी सुटलेल्या, शिक्षणाच्या नावानं बोंब असलेल्या या मुलखात. माझे वडील उर्दूत चौथी शिकलेले. सही उर्दूत, तुकारामाची गाथा मराठीत, आणि घरातलं बोलणं निलंग्याच्या वळणाचं, निम्म्यात कानडी. 'आपलं' म्हणजे नेमकं काय ते त्यांना विचारलं असतं तर त्यांनी चष्मा पुसला असता.

आता जरा अवघड जागेवर येते.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. भूकंप झाला त्या किल्लारीपासून मी लांब नव्हते. त्यावर फार लिहीत नाही, तुमच्यातल्या कित्येकांनी माझ्याहून जास्त पाहिलं आहे. पण नंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरवली, तेव्हा चौथीतल्या एका पोरानं विचारलं, "बाई, भूकंप कशामुळं झाला?" मी फळ्यावर जमिनीचे थर काढले. घरं का पडली तेही सांगितलं : दगड-मातीच्या रुंद भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ते कळलं. पण मी बापासंगं शेतात निजलो होतो. माय घरात होती. असं कशामुळं?"

या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पुष्कळ वर्षांनी, एम.ए.चा बाहेरून अभ्यास करताना, तेव्हाच्या सुदानमधल्या (आता दक्षिण सुदान) अझांदे लोकांवर इव्हान्स-प्रिचर्ड या इंग्रज अभ्यासकानं लिहिलेलं वाचनात आलं. तिथं धान्याची कोठारं खांबांवर उभी असतात आणि लोक उन्हाचे त्यांच्या सावलीला बसतात. कधी एखादं कोठार कोसळतं, खालचा माणूस चिरडतो. खांब वाळवीनं खाल्ले होते हे अझांदेला पक्कं ठाऊक असतं. पण हाच माणूस खाली बसला असताना, नेमकं तेव्हाच का पडलं? याला तो म्हणतो, चेटूक. मी पुस्तक मिटलं. वाळवीच्या जागी माळवद घाला, ते माझ्याच वर्गातलं पोरगं होतं.

धर्माचं बरंचसं बिऱ्हाड या दुसऱ्या प्रश्नात आहे, असं माझं मत झालं. विज्ञानाचा गुरुजी पहिल्याचं उत्तर देऊन निघून जातो आणि लोकांना अडाणी म्हणतो. महाराज दुसऱ्याचं उत्तर देतात आणि पहिला प्रश्न विचारूच देत नाहीत. शाळेनं लेकराला हे दोन प्रश्न दोन आहेत एवढं जरी ओळखायला शिकवलं तरी निम्मं काम झालं.

निम्मंच, कारण दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळी सारखी नसतात. भूकंपानंतर कुणी म्हणालं, देवाची इच्छा. कुणी वारी धरली, कुणी माळ घातली, कुणी माळ तोडली. यानं कुणाचं वाकडं झालं नाही. पण एका घरी नवी सून आली होती, सात माणसांतून ती एकटी वाचली, आणि भावकीतल्या बाया तिला पांढऱ्या पायाची म्हणायला लागल्या. तेही दुसऱ्या प्रश्नाचंच उत्तर होतं. फक्त त्याचा भार एका जिवंत बाईच्या डोक्यावर ठेवलेला होता. मला मानवतावाद कळला तो इथं. श्रद्धा खरी की खोटी यावर मी पोरांशी कधी वाद घातला नाही. या उत्तराची किंमत कोण भरतं, एवढं मात्र विचारायला लावलं. मोहरमच्या सवारीची किंमत कोण भरतं? बापाचे खांदे दुखतात. पोरीला चौदाव्या वर्षी उजवण्याची कोण भरतं? यावर वर्गातल्या मुली गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं मुलांना दिसतं.

चौदाव्या वर्षाचं निघालं आहे तर ऊसतोडीचंही बोलू. बीडकडच्या समितीत जे आहेत त्यांना हे मी सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की गाड्या भरतात, वर्ग निम्मा रिकामा, हजेरीपटावर गैरहजेरीच्या रांगा. बालविवाहावर आपल्याकडं व्याख्यानं होतात, 'अनिष्ट रूढी' असा फलक लागतो. रूढी म्हणून सोडून देण्याआधी नीट पाहा. तोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. वयात आलेली पोरगी गावात ठेवावी तर कुणाच्या भरवशावर, फडावरच्या कोपीत न्यावी तर दार नाही. मग ती दुसऱ्या कोयत्याचा अर्धा भाग होते. याला रूढी म्हणणं म्हणजे वाळवी न पाहता चेटूक म्हणणं. फलकापेक्षा तिथं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू होणं आणि त्यात मुलींसाठी नीट सोय असणं जास्त कामाचं. आणि त्याचा पाठपुरावा करायला समितीला कुणी अडवलेलं नाही.

फडावरून एप्रिलात परत आलेल्या एका पोराला मी एकदा 'तू पाच महिने काय केलंस' ते लिहायला सांगितलं. त्यानं फडाचा नकाशा काढला : कोप्या कुठं, पाणी कुठं, काटा किती लांब, मोळी कशी बांधायची, वाढं कुणाला विकायचं, खाडा पडला तर किती कापतात. त्याला पाढे नीट येत नव्हते. पण खाड्याचा हिशेब आईबापाचा मुकादमाशी होता, त्यात मात्र चूक नव्हती. आपण त्याला 'शिक्षणाच्या प्रवाहाबाहेरचा' म्हणत होतो.

(लातूरच्या ट्युशनच्या गल्ल्यांतही असाच एक अभ्यासक पाठवायला हवा. निकालाच्या दिवशीचे फ्लेक्स, गुलाल, आणि न लागलेल्या पोरांचं त्या दिवशी घराबाहेर न पडणं. पूर्वी मुंज होती, आता मेडिकलची 'नीट' परीक्षा आहे. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

माझं मागणं लहान आहे. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहेच, आनंददायी शनिवारही आहे. त्यातला आठवड्याचा एक तास 'गावाच्या नोंदवही'ला द्या. पोरांनी घरी, पारावर, दर्ग्यात, विहारात, चावडीत जाऊन विचारायचं आणि ऐकलं तसं, त्याच शब्दांत लिहायचं. गुरुजींनी शुद्धलेखन तपासायचं, सण तपासायचा नाही. जात्यावरच्या ओव्या आठवणाऱ्या आज्या अजून आहेत. गी प्वातवँ नावाचा जन्मानं फ्रेंच माणूस आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्यांत बुद्ध नि भीमराव आहेत. जातं तेच, दळणारे हात बाईचेच. भूकंपात उठलेल्या गावांतल्या शाळांनी तर जुन्या गावाचा नकाशा म्हाताऱ्यांकडून काढून घ्यावा, ती माणसं आहेत तोवर. नव्या वसाहतीत जमिनीच्या मापानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली, रांगेत. जुन्या गल्लीत कुणाला कुणाची भिंत लागून होती, कोणता वाडा गावाबाहेर होता, आड कुणाला बंद होता, हे नव्या रस्त्यांवरून कळत नाही. त्यातलं सगळंच हळहळावं असं नव्हतं. पोरांना तेही कळू द्या.

यावर दोन आक्षेप येतील. एक, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर येतील. येतील, म्हणून नाव न लिहिण्याचा नियम पहिल्या दिवशीच शिकवायचा आणि घरच्यांनी नको म्हटलं तर ते पान कोरं ठेवायचं. दुसरा आक्षेप, यातून भांडणं होतील. माझा अनुभव असा की भांडणं ऐकीव गोष्टींवर होतात. एकनाथांनी पैठणात हिंदू आणि तुर्काला भारुडात समोरासमोर उभं करून एकमेकांची उणीदुणी काढू दिली, तीही कडक शब्दांत, आणि शेवटी दोघांनी एकमेकांना आलिंगन दिलं. त्यांच्या गुरूंचे, देवगिरीच्या जनार्दनस्वामींचे, गुरू चांद बोधले; ते सूफी फकीर होते असं परंपरा सांगते. हे पैठणच्या पोरांना सांगायला आपल्याला भीती का वाटावी, मला समजत नाही.

शेवटी समितीविषयीच एक. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यानं तुमच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. त्या बैठकीत कागदावर पुरेशा महिला होत्या. खुर्च्यांवर त्यांचे नवरे होते. मोहरमचा निबंध लिहिणाऱ्या पोरीची आई समितीची सदस्य आहे हे मला सहीच्या वहीवरून कळलं. ती घरी चोंग्यांच्या गुळाचं पाहत असेल. पुढच्या बैठकीला तिला बोलवा, नवस बोलणाऱ्या आजीलाही बोलवा. त्या दोघींना विचारल्याशिवाय या विषयावर ठराव घेऊ नका.

तास घ्यायला मी येईन, मानधन नको. वह्या मी आणते, चाळीस पानी, दुरेघी. पहिल्या शनिवारसाठी प्रश्न देऊन ठेवते, पोरांना आधी घरी विचारू द्या : येळवसेला आपल्या कोपीवर कोण कोण जेवायला येतं, आणि कोण कधीच आलेलं नाही?

आपली,
एक निवृत्त शिक्षिका